मी पाहिलेली कट्यार

मी वसंतराव देशपांड्यांची 'कट्यार काळजात घुसली' पाहिली आहे. खुद्द वसंतरावांची, रंगमंचावर. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि त्यानंच माझा घात केला.

तेव्हा मी साडेतीन वर्षांचा होतो. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आईबाबांनी मला बरोबर नेलं. त्या प्रयोगातलं माझ्यापाशी शिल्लक आहे ते एवढंच: आईच्या साडीचा टोचणारा काठ, त्याला येणारा डांबरगोळीचा वास, मध्यंतरातल्या बटाटेवड्यात दाताखाली आलेली मिरची आणि टाळ्यांचा एक असा कडकडाट, की माझी झोप मोडली. मी भोकाड पसरलं. बाबा मला घेऊन बाहेर गेले ते बाहेरच राहिले. उरलेला अंक हुकल्याचं ते अजून ऐकवतात.

पुढे माझा बघण्याचा कार्यक्रम ठरला. मुलीचे वडील नागपूरचे. नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तर नागपूरचे, वसंतराव गाणं शिकले तेही नागपुरात, त्यामुळे 'कट्यार' म्हणजे जणू त्यांच्याच वाड्यातली वस्तू. पण वसंतरावांचा प्रयोग काही त्यांच्या नशिबी आला नव्हता. माझा पगार ऐकून बैठकीत जरा शांतता पसरली, तेव्हा आईनं घाईघाईनं सांगून टाकलं, "यानं वसंतरावांची कट्यार पाहिलीय हं!" सासरे खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. पत्रिकेचा विषय मग निघालाच नाही.

तेव्हापासून मी तज्ज्ञ. अभ्यास केला तो कॅसेटवर. अभिषेकीबुवांचं संगीत, 'घेई छंद मकरंद' दोन घराण्यांच्या दोन चालींत, एक वसंतरावांची, एक प्रसाद सावकारांची, सगळं तोंडपाठ केलं. उरलेली वेळ "ते वेगळंच होतं हो" या एका वाक्यावर निभावली. हे वाक्य डोळे मिटून म्हणायचं असतं. उघड्या डोळ्यांनी म्हटलं तर लोक पुढचा प्रश्न विचारतात.

असं सगळं सुखात चाललं असताना 2015च्या दिवाळीत सिनेमा आला आणि त्या पाठोपाठ सासरे आले. "जावईबापू, तुमच्याच बाजूला बसतो. तुम्ही ओरिजनल पाहिलेले."

मल्टिप्लेक्समध्ये अंधार झाला. सिनेमात कट्यारच गोष्ट सांगते, रीमा लागूंच्या आवाजात. लगेच माझ्या कानाशी, "नाटकातही कट्यार बोलायची का हो?"

"बोलायची," मी म्हणालो, "पण कमी."

बायकोनं अंधारातही माझ्याकडे पाहिलं.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. शंकर महादेवनचे पंडितजी पडद्यावर आले की, "नाटकात पंडितजी एवढे दिसायचे काय?" सचिनचे खाँसाहेब आले की, "वसंतरावांची दाढी अशीच होती?" दाढी! मी तेव्हा ज्या उंचीचा होतो त्या उंचीवरून मला पुढच्या बाईंचा अंबाडा दिसत होता. 'सूर निरागस हो' सुरू झालं आणि मी डोळे मिटून "वा, तेव्हाही असंच रंगायचं" म्हणून गेलो. ते पद सिनेमासाठी शंकर-एहसान-लॉय यांनी नवं केलेलं आहे, हे मला मध्यंतरात एका बारावीतल्या मुलीकडून कळलं. ती माझीच मुलगी.

खरं सांगायचं तर सिनेमा मला आवडला होता. पडद्यावर सचिनचे ओठ आणि आवाज राहुल देशपांड्यांचा, म्हणजे खाँसाहेबांच्या गळ्यात आजोबांच्या जागी नातू. अंगावर काटा आला. पण मूळ नाटक पाहिलेल्या माणसाला सिनेमा आवडून चालत नाही. काटा आलेल्या हातानं मी मान खाजवली आणि नाराजीचा सुस्कारा सोडला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "काका, नाटक पाहिलंय ते कळलं. आता आम्हाला हे पाहू द्या."

सिनेमा संपला. सासरे उठेनात. चष्मा पुसत म्हणाले, "आता एकच सांगा. वसंतराव 'सुरत पिया की' घ्यायचे, तेव्हा थेटरात काय व्हायचं?"

म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला "ते वेगळंच होतं" म्हणवेना. मी सगळं सांगून टाकलं. साडी, डांबरगोळी, वडा, झोप.

ते बराच वेळ गप्प होते. सफाई करणारा पोरगा आमच्या पायांखालचं पॉपकॉर्न झाडून गेला. मग म्हणाले, "म्हणजे वसंतराव गात असताना तुम्ही तिथं झोपले होते?"

"हो."

"मांडीवर?"

"हो. आईच्या."

पुन्हा जरा वेळ गेला. "कोणत्या पदाला झोप लागली, ते काही आठवते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे फराळाला आले. मी चहा घेऊन बाहेर येतोय तोच सासऱ्यांचा आवाज ऐकू आला, "पाहणारे लय भेटतील हो. आमचे जावई वसंतरावांच्या गाण्यावर झोपले आहेत!"