समुद्रात जहाजं असतात म्हणे

पाणबुडीचा खेळ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर टॉर्पेडो, स्फोट आणि घामाघूम कप्तान उभा राहतो. यातला घामाघूम कप्तान तेवढा रोजचा. उरलेल्या दोन गोष्टींना एक क्षुल्लक अट आहे: आधी शत्रूचं जहाज सापडावं लागतं.

मी खेळतो तो खेळ दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकवरचा. हाताशी जर्मन नौदलाची टाइप सात-सी जातीची यू-बोट, म्हणजे पाणबुडी, पोटात १४ टॉर्पेडो, साल १९४०. मुख्यालयाचा हुकूम येतो की नकाशावरच्या अमुक चौकोनात जाऊन गस्त घाला. चौकोन बघायला एवढासा. प्रत्यक्षात त्याची एक बाजू ५४ सागरी मैल, म्हणजे १०० किलोमीटर. आणि पाणबुडीच्या बुरुजावर दुर्बिणी लावून उभ्या असलेल्या टेहळ्यांना खेळात हवा स्वच्छ असेल तर पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंतचं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर! उत्तर अटलांटिकला ही अट कुणी कळवलेली नाही. पाऊस, धुकं, लाटा, पुन्हा पाऊस. टेहळे इमानदारीत भिजत उभे राहतात आणि मी इमानदारीत निळा-करडा पडदा बघत बसतो. घरातल्या माणसांना वाटतं, कॉम्प्युटर बंद पडलाय.

अशा वेळी खेळात काळ पळवायची सोय आहे. १०२४ पटीने पळवला की अख्खा दिवस ८४ सेकंदांत उरकतो. आमचे आठवडे असे भराभर जातात. डिझेल कमी होतं, खलाशी दमतात, जहाजाचा पत्ता नाही. एससी-७ नावाच्या, इंग्लंडकडे निघालेल्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यातली ३५ पैकी २० जहाजं यू-बोटींनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बुडवली, असं इतिहास सांगतो. म्हणजे जहाजं होती. माझ्या चौकोनात नव्हती, इतकंच.

मग जाणकार सांगतात, डोळ्यांवर विसंबू नका, कान लावा. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि नजर पोचते त्याच्या कितीतरी पलीकडून येतो. त्यामुळे दर काही तासांनी बुडी मारायची, इंजिनं थांबवायची आणि हायड्रोफोनचं, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायच्या यंत्राचं, चाक गोल फिरवत ऐकायचं. आधी नुसती खरखर. ०४० अंशांवर खरखर. ०५० वर खरखर. ०६५ च्या आसपास खरखरीच्या तळाशी काहीतरी धप्... धप्... धप्... असं संथ वाजतं. मालवाहू जहाजाला पुढे ढकलणारा पंखा! युद्धनौकेचा पंखा भिरभिरतो, हा मात्र जेवण झाल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसासारखा चालतो. त्या क्षणी होणारा आनंद घरात कुणाला समजावून सांगता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

पण हायड्रोफोन दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. जहाज त्या रेषेवर कुठेही असू शकतं आणि कुठेही चाललेलं असू शकतं. इथे आपला खेळ संपून भूमितीचा तास सुरू होतो. पाणबुडी जागच्या जागी उभी ठेवून ठरावीक वेळाने तीन दिशा घ्यायच्या, त्यावरून जहाजाचा रोख कळतो. मग पाणबुडी थोडी हलवून चौथी दिशा घ्यायची की अंतरही हाती येतं. वाचायला किती सोपं! नकाशावर मी इतक्या रेघा मारलेल्या असतात की आयर्लंड दिसेनासा होतो. शाळेत कोनमापक कधी उपयोगी पडणार असं विचारायचो, त्याचं उत्तर इतक्या उशिरा आणि इतक्या खोल पाण्यात मिळेल असं वाटलं नव्हतं.

यातली एक युक्ती मात्र मला मनापासून आवडते. जहाज दिसू लागलं की नकाशावर त्याच्या जागी खूण करायची आणि घड्याळ लावायचं. बरोबर ३ मिनिटं १५ सेकंदांनी दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर जितके शे मीटर, तितके नॉट वेग. ७०० मीटर म्हणजे ७ नॉट. नॉट म्हणजे ताशी १८५२ मीटर, त्यामुळे सव्वातीन मिनिटांचा हिशेब जवळजवळ नेमका बसतो. त्या सव्वातीन मिनिटांत फोन वाजला तर तो मी घेत नाही. कुणाचाही.

वेग कळला, रोख कळला, आता गाठायचं. पाण्याखालून पाठलाग करू म्हटलं तर बॅटरीवर आमची मजल जेमतेम साडेसात नॉटची, तीही थोडाच वेळ. पाण्यावर १७ नॉट मिळतात, पण पाण्यावर आपण दिसतो. म्हणून नजरेच्या टप्प्याबाहेरून मोठा वळसा घालायचा, जहाजाच्या पुढे जायचं, त्याच्या वाटेच्या काटकोनात तोंड करून बुडायचं आणि वाट बघायची. शिकार म्हणतात ती हीच. यात एकदा इतका सुरेख वळसा जमला, वेळ, अंतर, कोन सगळं जिथल्या तिथे, की पेरिस्कोप वर काढताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. समोरून लग्नघरासारखं दिव्यांनी उजळलेलं जहाज आलं. युद्धकाळात जो दिवे लावून फिरतो तो तटस्थ. स्वीडनचा झेंडा. त्याला बुडवलं तर खेळ बक्षिसाऐवजी गुण कापतो. मी त्याला जाऊ दिलं. त्याला कळलंही नाही.

पण एकदाचं इंग्रजांचं जहाज येतं. मस्तुलाच्या उंचीवरून अंतर काढायचं, जहाजाचं नाक आपल्या बाजूला किती अंशांत वळलंय ते अंदाजाने भरायचं, टॉर्पेडोची खोली ठरवायची, सोडायचा. विजेवरचा टॉर्पेडो ३० नॉटने जातो, हजार मीटरला मिनिटाहून थोडं जास्त. स्टॉपवॉचचा काटा शेवटाला येतो आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. ठण्ण. स्फोट नाही. हे दुखणं इतिहासातलंच आहे. १९४० च्या नॉर्वे मोहिमेत जर्मन टॉर्पेडोंनी खऱ्या कप्तानांनाही असेच दगे दिले. मी निदान खुर्चीत होतो. युद्धात यू-बोटींवर गेलेल्या चारांतले जवळजवळ तीन परत आले नाहीत.

दुसरा टॉर्पेडो फुटतो, जहाज कलतं आणि आतापर्यंत कुठेच नसलेली विनाशिका, म्हणजे पाणबुड्यांची शिकार करणारी युद्धनौका, कुठूनशी उगवते. मला एक जहाज शोधायला समुद्राचा कोपरा न् कोपरा पालथा घालावा लागला होता. तिला मी लगेच सापडतो. चार दिशा नाहीत, रेघा नाहीत, सव्वातीन मिनिटंही नाहीत. तिच्या सोनारची, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राची, टणटण सुरू होते, डोक्यावरून पंखा भिरभिरत जातो आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, फुटू लागतात.

आणि आता काळ पळवता येत नाही. शत्रू जवळ असला की खेळ वेग आपोआप खाली आणतो. आठवडे चुटकीसरशी उडवणाऱ्या मला प्रत्येक सेकंद पूर्ण किमतीला घ्यावा लागतो. शत्रू डोक्यावर असताना खेळ सेव्ह करू नये, असंही जाणकार बजावतात. चार नॉटने गेलं तर बॅटरी वीस तास पुरते. सकाळी मला कामावर जायचं असतं. मी १६० मीटरवर, आवाज करणारी बाकी यंत्रं बंद करून, दोन नॉटने सरपटतोय आणि स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा हाक येते, "जेवायला येतोयस की नाही?"

उत्तर द्यायचं होतं. पण आवाज करायचा नव्हता.