सदस्य सगळीकडे व्हा, गाडी मात्र कोगनोळीला थांबवा

उद्या तुमच्या हातात एखादा देश आला आणि त्याला जगातल्या संघटनांत मिरवायचं असलं, तर जिनिव्हाला जाऊन पैसे घालवू नका. बेळगावला या. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून शेजाऱ्याशी कसं राहावं याचा आमचा अभ्यास चालू आहे, निकाल तेवढा लागायचाय.

सदस्यत्वाला कधी नाही म्हणू नये. भारत तर स्वतंत्र व्हायच्या आधीच, १९४५ साली, संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य होता. १९८५ साली दक्षिण आशियातल्या देशांची सार्क, १९९७ साली बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची बिमस्टेक. या बिमस्टेकच्या सनदेवर सह्या झाल्या २०२२ साली. मधली पंचवीस वर्षं संघटना कशावर चालली, असं विचारणारा माणूस सीमाभागातल्या एकाही समितीच्या बैठकीला बसलेला नसणार.

सनद लिहायला घ्याल तेव्हा सार्कची नजरेसमोर ठेवा. सगळे निर्णय एकमतानं आणि दोघांतल्या वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत! वाटणीला बसलेले भाऊ जमिनीचं सोडून पावसापाण्याचं बोलतात, तसं. भांडण होत नाही आणि चहाही होतो.

मग मुक्त व्यापाराचा करार करा. दक्षिण आशियाचा ‘साफ्टा’ २००६ पासून लागू आहे. त्यात ‘संवेदनशील यादी’ नावाची सोय आहे: यादीतल्या मालाला सवलत नाही. शेजारी जे चांगलं पिकवतो, विणतो, ते आधी यादीत घाला आणि उरलेल्या मालाला मोठ्या मनानं दार उघडा. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे, आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियानमध्ये तो २५ च्या आसपास. एवढं कमी ठेवायलाही कष्ट लागतात हो.

हे प्रत्यक्ष बघायचं असलं तर उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत चला. तिथल्या फौंड्रीतलं कास्टिंग पेटीत बसून समुद्रापार जातं, कुणी त्याला भाषा विचारत नाही. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापलं की बस सीमेलगतच्या कोगनोळीला थांबते. कंडक्टर म्हणतो, "मावशी, गाडी इथवरच. पुढं तिकडची बगा की." मावशी एका हातात कुंद्याचा बॉक्स, दुसऱ्या हातात लेकीच्या बाळंतपणाचं गाठोडं घेऊन दूधगंगेच्या पुलाकडं चालायला लागते. तुमच्या देशात असा एखादा पूल नसला तर वाहनांचा करार करून बघा. भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ यांनी २०१५ साली थिंफूत केला होता. तो भूतानच्याच वरिष्ठ सभागृहानं नाकारला.

दाद मागायची वेळ आली तर जागा नीट निवडा. आमच्या ऊसवाल्यांनी हे जरूर वाचावं. उसाचा दर आणि साखर निर्यातीचं अनुदान यांवरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताच्या विरोधात लागला. भारतानं लगेच अपील केलं, तेही अशा अपील मंडळाकडं जिथं २०१९ च्या अखेरीपासून सुनावणीपुरतेही सदस्य नाहीत. अमेरिका नेमणुका होऊच देत नाही. अपील पडून, निकाल लटकलेला, ऊस उभा. (शेतकऱ्याच्या बाजूनं बघाल तर हे बरंच झालं, उगाच कशाला खोटं बोला?) महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथं न्यायाधीश आहेत, म्हणून आम्हाला वाट बघताना जरा जास्त भरवसा वाटतो.

आणि इमारत विसरू नका. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही, पण काठमांडूतलं सचिवालय आहे तसं आहे. इमारत उभी असली की काम चालू आहे असं धरायचं. खात्री करायची तर आमची सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, हायवेवरूनच दिसते. फक्त हिवाळी अधिवेशनात येऊ नका, त्या दिवसांत लॉजवर खोली मिळत नाही.