मेल बाउन्स झाली? आधी पासवर्ड बदला!

नवतपाची रात्र. कूलरमध्ये पाणी भरून तुम्ही दहालाच आडवे झालात. सकाळी मोबाइल बघता, तर तीनशे मेल बाउन्स, म्हणजे न पोचता परत! रातोरात तुमच्या नावानं पार ब्राझीलपर्यंत वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात गेली. घाबरू नका. नागपुरात इतवारीतल्या मोठमोठ्या पेढ्यांनाही एका रात्रीत एवढी निर्यात जमलेली नाही.

आधी पासवर्ड बदला. मग पुन्हा बदला. उपयोग काडीचा नाही, कारण बहुतेक वेळा तुमच्या खात्यात कुणी शिरलेलंच नसतं. ('सेंट' उघडलं तर त्यात यातली एकही मेल दिसणार नाही. पण उघडू नका, उगाच जीव शांत होईल.) चोरानं फक्त प्रेषक म्हणून तुमचा पत्ता टाकला. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत कुणीही पाकिटामागे तुमचं धरमपेठचं घर लिहून टाकावं, आणि घेणारा सापडला नाही की पोस्टमननं ते तुमच्या दारात आणून द्यावं, तसंच हे. मेल पोचवण्याचे एसएमटीपीचे नियम १९८२ सालचे. प्रेषक खरा की खोटा, हे तपासायची सोयच त्यात नव्हती.

आता बाउन्स धाडणाऱ्या प्रत्येक 'मेलर-डीमन'ला उत्तर लिहा: 'माननीय महोदय, सदर गोळ्यांशी माझा संबंध नाही.' ते यंत्र आहे, वाचणार नाही; पण तुमची भडास निघेल. मेलमध्ये '५५० ५.१.१' दिसेल. म्हणजे त्या पत्त्यावर असा कुणी खातेदारच नाही. तुम्ही मात्र भाच्याला फोन करून विचारा, 'बाबू, हा ओटीपी तर नाही ना?'

खरं तर समोरच्या सर्व्हरनं दारातच 'असा कुणी इथे राहत नाही' म्हणायचं असतं. स्पॅम पाठवणारा बॉट मग गुमान पुढचं दार गाठतो, तुम्हाला काही कळतही नाही. पण काही सर्व्हर भारी अगत्याचे. आधी पाकीट ठेवून घेतात, मग घरात माणूस शोधतात, आणि शेवटी तुमच्या नावानं बोंब मारतात.

स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ नंतरचं नाव) असेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, एसपीएफची ओळ टाकता येते: आमची मेल निघते ती अमुक सर्व्हरवरूनच. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. आणि डीमार्कमध्ये, खोटं पत्र सापडलं तर त्याचं काय करायचं, तेही सांगता येतं. तिथे तुम्ही 'नन' लिहा. म्हणजे चोर दिसला तर अडवू नका, फक्त मला कळवा. 'रिजेक्ट' करू की सावकाश, पोळा होऊ द्या. पाडव्याला इडापिडा घेऊन जाणारी मारबत निघेल तेव्हा 'स्पॅम घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडूनही बघता येईल.

एवढ्यात चोराला दुसऱ्या कुणाचा पत्ता आवडतो, बहुधा महालातल्याच एखाद्याचा, आणि चार-दोन दिवसांत तुमच्याकडचा पूर ओसरतो. तो बिचारा तर्री पोह्याच्या गाडीवर भेटेल, मोबाइल दाखवेल. प्लेट खाली न ठेवता त्याला सांगा, 'पासवर्ड बदल ना भाऊ. माझं त्यानंच थांबलं.'