‘४ टीबीची डिस्क आधी दिसली नाही, मग निम्मीच दिसली’ या तक्रारीला दुकानाचे उत्तर

माननीय ग्राहक,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी पूर्ण वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. आमच्याकडून नवी म्हणून घेतलेली ४ टीबीची हार्ड डिस्क घरी दुसरी डिस्क म्हणून जोडली, तर ती दिसलीच नाही. ती घेऊन भर पावसात हडपसरहून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, आमच्या दुकानात आलात, तर ‘डिस्क चालू आहे’ असे सांगून आमच्या सहकाऱ्याने ती न बदलता परत दिली आणि वर केबलचे पैसे घेतले. पुढे फोनवर सांगितल्याप्रमाणे जोडणी बदलल्यावर डिस्क दिसली खरी, पण तिच्यात २ टीबीच जागा मिळाली. त्यामुळे ती जुनी किंवा बनावट असावी, असा आपला संशय आहे. जुना माल नवा म्हणून विकल्याचा आरोप व्यापाऱ्यासाठी सगळ्यात गंभीर असतो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

आपल्या बिलावर डिस्कचा अनुक्रमांक छापलेला आहे आणि तोच डिस्कच्या लेबलवरही आहे. तो क्रमांक कंपनीच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकल्यास वॉरंटी कधीपर्यंत आहे हे आपल्याला घरबसल्या दिसेल. त्याहून थेट पुरावा डिस्कच्या पोटातच असतो. प्रत्येक हार्ड डिस्क ती किती तास चालू होती याची नोंद स्वतः ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उजव्या बाजूला ‘पॉवर ऑन अवर्स’ या नावाने साध्या आकड्यात दिसते. वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या डिस्कवर तिथे हजारोंचा आकडा असतो. आपण डिस्क घेऊन आलात तेव्हा आमच्या सहकाऱ्याने हीच खिडकी आपल्यासमोर उघडली होती आणि त्या वेळी तास एक अंकी होते, खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची (डेटा साठवण्याच्या छोट्या तुकड्यांची) संख्या शून्य होती. (त्या प्रोग्रॅमच्या खालच्या तक्त्यातले आकडे सोळाच्या पायावरचे असतात, त्यामुळे तिथे अक्षरे मिसळलेली पाहून बरेच जण घाबरतात. घरी तपासताना त्याकडे लक्ष देऊ नये.)

आता निम्म्या जागेविषयी. बनावट डिस्क किंवा पेनड्राइव्ह असते त्यापेक्षा जास्त जागा दाखवून फसवते आणि खरी जागा संपली की पुढच्या फायली बिघडतात. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले आहे. आपण अभिप्रायासोबत जोडलेल्या डिस्क मॅनेजमेंटच्या (विंडोजमधल्या डिस्कचे विभाग दाखवणाऱ्या खिडकीच्या) चित्रात डिस्कची एकूण क्षमता ३७२६ जीबी दिसते, तिच्यातला २०४८ जीबीचा भाग निळ्या पट्टीखाली आहे आणि उरलेले सुमारे १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ (कोणत्याही विभागात न घेतलेले) म्हणून पडून आहेत. म्हणजे डिस्क पूर्ण आहे, पण तिचा अर्ध्यापेक्षा जरा कमी भाग विंडोजला वापरता येत नाही. कोऱ्या डिस्कला प्रथम ‘इनिशियलाइज’ (वापरासाठी तयार) करताना विंडोज एमबीआर आणि जीपीटी असे दोन पर्याय देते; डिस्कवरचे विभाग नोंदवण्याच्या या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत. आपल्याकडून तिथे एमबीआर निवडले गेले आहे. एमबीआर ही १९८३ साली, डॉस २.० च्या काळात आलेली मांडणी आहे. तिच्या तक्त्यात विभागाची लांबी लिहायला ३२ बिटच असतात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांची मोजणी ४२९ कोटींच्या थोडी पुढे जाऊन थांबते आणि तेवढ्या सेक्टरांचे बरोबर २०४८ जीबी होतात. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटीच निवडावे लागते. दोन पर्यायांपुढे कोणता कशासाठी, हे त्या खिडकीत पुरेसे स्पष्ट लिहिलेले नसते, ही अडचण मला मान्य आहे.

जीपीटी केल्यावरही आपल्याला ‘४’ हा आकडा दिसणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा शंका येणार नाही. कंपनी ४ लाख कोटी बाइटना ४ टीबी म्हणते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि त्या मोजणीने हीच डिस्क ३.६३ टीबी दिसते. सर्व कंपन्यांच्या डिस्कबाबत हे असेच असते.

मूळ तक्रारीकडे, म्हणजे डिस्क अजिबात न दिसण्याकडे, येतो. ‘डिस्क डिटेक्ट होत नाही’ हे वाक्य आम्ही दुकानात रोज ऐकतो आणि त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तिचे नाव येते का. बायोसमध्ये नाव येते पण ‘धिस पीसी’मध्ये डिस्क नाही, असे असेल तर ती बहुधा कोरी असल्यामुळे दिसत नसते आणि इनिशियलाइज करून, विभाग पाडून, तिला डी, ई असे अक्षर दिले की काम होते. बायोसमध्येच नाव नसेल तर विंडोजमध्ये कितीही शोधले तरी उपयोग नाही, तेव्हा केबल, पोर्ट आणि वीजजोडणी पाहावी लागते. आपली अडचण या दुसऱ्या प्रकारची होती. डिस्क फिरत होती, हात लावल्यावर कंप जाणवत होता, असे आपण फोनवर सांगितलेत. त्यावरून वीज पोहोचत होती हे कळले, पण नाव येत नव्हते, म्हणून आम्ही आपल्याकडून कॅबिनेटच्या आतला फोटो मागवला.

त्या फोटोत कारण स्पष्ट दिसले. ग्राफिक्स कार्डाच्या खाली, मदरबोर्डाच्या दुसऱ्या एम.टू खाचेत आपली १ टीबीची एनव्हीएमई (पट्टीसारखी वेगवान एसएसडी) बसवलेली आहे आणि नव्या डिस्कची लाल केबल बोर्डाच्या कडेच्या सहाव्या साटा पोर्टात (हार्ड डिस्कची केबल लावायच्या जागेत) गेली आहे. डिस्कच्या कप्प्याला तोच पोर्ट जवळ असल्यामुळे कोणीही तोच निवडेल. परंतु चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपकडे, डेटा नेणाऱ्या वेगवान मार्गिका मोजक्याच असतात, म्हणून अनेक बोर्डांवर दुसरी एम.टू खाच आणि शेवटचे दोन साटा पोर्ट यांना एकच मार्गिका वाटून दिलेली असते. एकाच नळजोडावर दोन घरे असावीत आणि एकाची तोटी उघडली की दुसऱ्याचे पाणी थांबावे, असा तो प्रकार आहे. काही बोर्डांवर खाचेत कोणतीही एम.टू बसवली तरी ते पोर्ट बंद होतात, काहींवर फक्त साटा जातीची एम.टू बसवल्यावर होतात. याविषयीची ओळ बोर्डाच्या पुस्तिकेत असते, पण तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतले ते पान आम्ही आपल्याला पाठवले आहे. केबल दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्टात लावताच डिस्क बायोसमध्ये आली, हे आपणही अभिप्रायात लिहिले आहे.

यावरून डिस्क लगेच का बदलून दिली नाही, तेही लक्षात यावे. दुसरी डिस्क दिली असती तर तीही त्याच बंद पोर्टात गेली असती आणि आपल्याला पुन्हा हडपसर ते बुधवार पेठ असा हेलपाटा पडला असता. सीलबंद पिशवीतून काढलेली डिस्क आम्ही दुसऱ्या ग्राहकाला नवी म्हणून कधीच विकत नाही. आपल्यालाही कोणी तशी दिलेली चालणार नाही. चांगली डिस्क वॉरंटीत पाठवली, तर सेवा केंद्र ‘दोष आढळला नाही’ म्हणून ती परत करते, नाहीतर तिच्या बदल्यात दुरुस्त करून प्रमाणित केलेली डिस्क हाती येऊ शकते. नवी, निर्दोष डिस्क देऊन तशी डिस्क घेणे आपल्या हिताचे नव्हते, आणि आमच्या सहकाऱ्याने पूर्ण कॅबिनेट घेऊन या असे सुचवले ते याच कारणाने. पावसात कॅबिनेट उचलून आणणे किती अवघड असते हे मी जाणतो.

तपासणीचे पैसे आम्ही घेतलेले नाहीत. त्या दिवशीच्या बिलावर फक्त एका साटा केबलची किंमत आहे. अशा डिस्क कंपनीकडूनच फक्त पिशवीत येतात, त्यांच्यासोबत केबल किंवा स्क्रू नसतात. आपली जुनी केबल डिस्कच्या टोकाला सैल बसत होती आणि तिची पकडणारी पट्टी तुटलेली होती. अशा केबलवर डिस्क आज चालते, उद्या कॉपी करताना मध्येच गायब होते आणि दोष मात्र डिस्कला लागतो.

आता पुढे काय करावे. आपण त्या २०४८ जीबीच्या भागात घरचे फोटो भरायला सुरुवात केली आहे असे लिहिले आहे, म्हणून कळकळीची विनंती करतो की त्या डिस्कवर ‘डिलीट व्हॉल्यूम’ किंवा ‘कन्व्हर्ट’ असे काहीही आत्ता दाबू नका. डिस्क मॅनेजमेंटमधून एमबीआरचे जीपीटी करायचे तर आधी सर्व विभाग काढावे लागतात आणि त्यांच्यासोबत फोटोही जातात. जुन्या डिस्कवरचे मूळ फोटो अजून पुसलेले नसतील तर ते तसेच राहू द्या. पुसले असतील तर आधी दुसरीकडे प्रत करा आणि त्या प्रतीतले काही फोटो उघडून पाहा.

हे काम आम्ही विनामूल्य करून देऊ. कॅबिनेट आणणे शक्य नसेल तर नुसती डिस्क आणा, डेटा आमच्या डिस्कवर उतरवून, आपल्यासमोर जीपीटी करून, परत भरून देऊ. एवढ्या फोटोंची प्रत व्हायला काही तास लागतात, त्यामुळे सकाळी दुकान उघडताना आलात तर त्याच दिवशी मिळेल. कॅबिनेट आणणार असाल तर एसएमपीएससोबत (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीसोबत) आलेल्या वीजकेबलच आणाव्यात. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या पेटीला बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क तत्क्षणी जळू शकते. आपण पाठवलेल्या फोटोत डिस्कला जाणारी वीजकेबल बाकीच्या केबलींपेक्षा वेगळ्या बनावटीची दिसते, म्हणून ती नेमकी कोणत्या एसएमपीएसची आहे, तेवढे आम्हाला आजच फोनवर कळवावे.