‘सायट्रिक ॲसिड लिंबातलं नसतंच!’ बरं, मग?

एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. सारांश असा: पाकिटावर ‘ई-३३०’ किंवा सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असतं ते लिंबातून काढत नाहीत, तर पेट्रोलियमवर काळी बुरशी आणि यीस्ट वाढवून बनवतात, हे जीव जनुकं बदललेले असतात, वर त्यात सल्फ्युरिक ॲसिड ओततात, आणि खाल्लं की कॅन्सर. या मजकुराची गोम अशी की पहिला मुद्दा खरा आहे. त्याच्या जिवावर बाकीचे खपतात.

‘लिंबातलं नसतं.’ नसतंच, आणि ते कुणी लपवलेलंही नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीलेने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड वेगळं केलं आणि पुढे शतकभराहून जास्त काळ ते लिंबांतूनच येत होतं. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवलं की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात ते भरपूर तयार करते. १९१९ मध्ये फायझरने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केलं. आज जगात वर्षाला २० लाख टनांहून जास्त सायट्रिक ॲसिड बनतं. जगातली सगळी लिंबं पिळली तरी एवढं निघणार नाही. रेणू मात्र दोन्हीकडे तोच, अणूला अणू जुळणारा. प्रयोगशाळेत फरक ओळखता येतो, पण तो कार्बनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या, प्रमाणावरून. लिंबाच्या रसातली भेसळ अशी पकडता येते. पचनाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही.

‘काळी बुरशी आणि यीस्ट.’ काळी बुरशी म्हटलं की म्युकरमायकोसिस आठवतो, आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असावं. तो आजार करणाऱ्या बुरशी वेगळ्या गटातल्या. यीस्टचं म्हणाल, तर सायट्रिक ॲसिडसाठी नाव घेतलं जातं ते यारोविया लिपोलिटिकाचं, आणि ते ॲसिड का सोडतं हे कळलं की निम्मी भीती जाते. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या टाकीत, साखर किंवा ग्लिसरॉल मुबलक ठेवतात, नायट्रोजन मात्र मोजून. आधी पेशी भराभर वाढतात, मग नायट्रोजन संपतो. तो नाही म्हणजे नवी प्रथिनं नाहीत, वाढ थांबली. पण साखर आत येतच राहते. अशा वेळी पेशीतलं एएमपी (ऊर्जेची चणचण कळवणारा छोटा रेणू) घटतं, त्यामुळे आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज हे विकर मंदावतं आणि क्रेब्ज चक्र, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणारी पेशीतली साखळी, नेमकं सायट्रेटपाशी (सायट्रिक ॲसिडचंच पेशीतलं रूप) तुंबतं. साचलेलं सायट्रेट पेशी बाहेर टाकते. हे चक्र आपल्याही पेशींत अहोरात्र चालू असतं, म्हणजे सायट्रेट शरीराला परकं नाही. थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) टंचाई केली तर हेच यीस्ट अल्फा-कीटोग्लुटॅरिक हे दुसरंच ॲसिड सोडू लागतं. कारखान्याचं सगळं कसब कोणती उपासमार कधी घडवायची यात. या यीस्टची खोड एवढीच की सोबत आयसोसायट्रिक ॲसिडही (अणू तेच, मांडणी वेगळी) येतं आणि शुद्धीकरणात ते छळतं. बाजारात अजून बुरशीचाच वरचष्मा आहे, त्याचं हे एक कारण.

‘पेट्रोलियमवर वाढवतात.’ ही पन्नासेक वर्षं शिळी बातमी आहे. यारोवियाला तेलकट पदार्थ आवडतात, म्हणून १९६० च्या दशकात पेट्रोलियमपासून काढून शुद्ध केलेल्या पॅराफिनवर ते वाढवून सायट्रिक ॲसिड काढण्याचे प्रयत्न झाले, पेटंटं निघाली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि त्या वाटेतलं आकर्षण संपलं. आता कच्चा माल म्हणजे मळी, मक्याच्या स्टार्चपासूनची साखर, असंच काहीबाही.

‘जनुकं बदललेली.’ सायट्रिकसाठी याची गरजच नाही, निवडून सुधारलेले वाण पुरतात. पण लॅक्टिक ॲसिडसाठी (दह्यातलं आंबट ॲसिड) यीस्ट वापरायचं तर हो, बदलावी लागतात. बेकरीचं यीस्ट स्वभावाने अल्कोहोल बनवतं, लॅक्टिक जवळपास नाहीच. त्यात लॅक्टेट डिहायड्रोजनेज या लॅक्टिक बनवणाऱ्या विकराचं जनुक घालावं लागतं. हा बदल कुणाला पटत नसेल तर त्यावर जरूर वाद घालावा, पण सायट्रिकच्या नावाने नको.

‘कॅन्सर होतो.’ या अफवेचं मूळ बहुधा १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये फिरलेल्या एका पत्रकात आहे. त्यात ई-३३० सर्वांत घातक ठरवलं होतं आणि पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ इथल्या कर्करोग संस्थेचं नाव लावलं होतं. संस्थेने ते साफ नाकारलं, पत्रक फिरतच राहिलं. त्याआधीच, १९७३ मध्ये, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सायट्रिक ॲसिडच्या रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही असं ठरवलं होतं. आंबट पेयांनी दातांचं एनॅमल झिजतं हे खरं, लिंबानेही झिजतं.

राहिलं सल्फ्युरिक ॲसिड. ते वापरतात, लपवाछपवी नाही. आधी गाळून बुरशी वा यीस्ट काढून टाकतात, मग चुना घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका बसवतात, त्यावर सल्फ्युरिक ॲसिड घातलं की सायट्रिक सुटं होतं आणि सल्फेट जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) होऊन खाली बसतं. पुढे सक्रिय कोळसा, आयन विनिमय, स्फटिकीकरण. तक्रार करायचीच तर या जिप्समची करा: एक टन सायट्रिकमागे एक टनाहून जास्त. लॅक्टिक ॲसिडमध्येही हीच डोकेदुखी, कारण आंबटपणा वाढला की ते बनवणारे जिवाणू थंडावतात आणि टाकीत सतत चुना ओतावा लागतो. यीस्ट मात्र सामू (पीएच) ३ च्या आसपासही काम करतं, तिथे बहुतेक लॅक्टिक ॲसिड सुटंच असतं, आणि चुना खूप कमी लागतो, जिप्समही खूप कमी निघतं. जनुकं बदललेल्या यीस्टमागे कंपन्या लागल्या त्या मुख्यतः यासाठी.