लंडन–न्यूयॉर्क: नुसत्या भागाकाराने विमानाची वेळ निघत नाही

सगळीकडे फिरणारा मजकूर असा: ‘लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे सहा तास पुरे. आठ तास लागतात, कारण विमान कॅनडाकडून वळसा घेतं. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, न्यूयॉर्क समोरून येतं, म्हणजे जाताना तर वेळ कमीच लागायला हवा.’ यातलं अंतर तेवढं बरोबर आहे.

‘वळसा’ दिसतो तो सपाट नकाशामुळे. गोलावर दोरी ताणून बघा: लंडनहून ती आधी वायव्येला, जवळपास ५४ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूने खाली उतरते. ५,५४० किलोमीटर हे याच दोरीचं माप आहे. नकाशावरच्या ‘सरळ’ रेषेने गेलात तर उलट दोनशेच्या वर किलोमीटर वाढतात.

पृथ्वी फिरते हे खरं, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. लंडनच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या पुढे आहे. हवा मागे राहिली असती तर तेवढ्या वेगाचं वादळ तिथे बारमाही घोंघावलं असतं.

खरा फरक पाडतो तो जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जोर धरतो. ताशी ९०० हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, जमिनीच्या नाही. वाटभर ताशी १०० चा वारा धरला, तर न्यूयॉर्कला जाताना जमिनीवरचा वेग ८०० आणि वेळ ६ तास ५५ मिनिटं. येताना १,००० आणि ५ तास ३२ मिनिटं. ‘जाता-येता फिटंफाट’ असंही म्हणतात, तेही चूक. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती, इथे १२ तास २७ होतात, कारण विमान विरुद्ध वाऱ्यात जास्त वेळ अडकतं. म्हणून स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक आणि कॅनडातलं गँडर ही नियंत्रण केंद्रं अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखतात: पश्चिमेला जाणारे वारा चुकवून, पूर्वेला जाणारे वारा पकडून. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

तिकिटावरची वेळ तर गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं तिच्यात धरलेलं असतं.

लंडनहून न्यूयॉर्कच्या तिकिटावर सकाळी ११ चं उड्डाण आणि दुपारी २ चं आगमन दिसलं, तर त्यात ५ तास मिळवा, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या तेवढं मागे असतं: प्रवास ८ तासांचा. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे जातात आणि ऑक्टोबरअखेर ब्रिटनची आधी मागे येतात. त्या मधल्या दिवसांत मात्र ४ मिळवा.