काळजीपोटी काढून घेतलेली कामे

मनाची गरज म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, आणि ती म्हणजे प्रेम. कुणीतरी आपले असावे, आपली वाट पाहणारे कुणी असावे, ही गरज खरी आहेच. परंतु जवळच्या नात्यांत जी घुसमट होते, ज्या कुरबुरींचे नेमके कारण वर्षानुवर्षे हाती लागत नाही, त्यांतल्या पुष्कळशा प्रेमाच्या अभावातून आलेल्या नसतात, असे माझे ठाम मत आहे. तिथे प्रेम भरपूर असते. कमी पडलेले असते ते दुसरेच काही, आणि अनेकदा ते प्रेमापोटीच काढून घेतलेले असते.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड आपण बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते. आधी अन्न आणि निवारा, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान आणि सर्वांत शेवटी स्वतःतल्या क्षमता फुलवणे, असा तो क्रम. हा क्रम ताठर नाही, असे स्वतः मॅस्लो यांनीच लिहून ठेवले होते. पण पाठ्यपुस्तकांतल्या त्या पिरॅमिडमुळे आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली, की खालचे भागल्याशिवाय वरचे मागायचे नसते. पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा तीन आहेत: आपल्या वागण्याचे सुकाणू आपल्या हाती असणे, म्हणजे स्वायत्तता, आपल्या हातून काही नीट घडते हा अनुभव, म्हणजे सक्षमता, आणि माणसांशी जोडलेले असणे, म्हणजे आपलेपणा. या तिन्हींत पायऱ्या नाहीत. एक भरभरून मिळाली म्हणून दुसरीची उणीव भरून निघत नाही, आणि मला या मांडणीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपलेपणाची गरज किती खोल आहे, हे हॅरी हार्लो यांच्या माकडांच्या पिल्लांवरील प्रयोगांनी १९५० च्या दशकातच दाखवले. आईच्या जागी ठेवलेल्या दोन बाहुल्यांपैकी तारेच्या बाहुलीकडे दूध होते आणि मऊ कापडाच्या बाहुलीकडे नव्हते, तरीही पिल्ले दिवसातला बराचसा वेळ कापडाच्या बाहुलीला बिलगून राहत. तो धडा आपण शिकलो. उरलेल्या दोन गरजांचा धडा मात्र, निदान जवळच्या नात्यांत तरी, आपण अजून शिकलेलो नाही.

एक दृश्य पाहा. वय झालेले एक गृहस्थ बाहेर जाण्यासाठी शर्टाची बटणे लावत आहेत. बोटे थरथरतात, तिसऱ्या बटणाची कड काजाच्या तोंडाशी येते आणि निसटते, पुन्हा येते, पुन्हा निसटते. मुलगा दारात उभा आहे. त्याच्या मनात राग नाही, वडिलांविषयी कणवच आहे. तो पुढे येतो, वडिलांचे हात हळूच बाजूला करतो आणि भराभर सगळी बटणे लावून टाकतो. वडील काही बोलत नाहीत, हात खाली सोडून समोर पाहत राहतात. दहा मिनिटांनी कुठल्याशा भलत्याच कारणावरून ते चिडतात आणि मुलाला वाटते, म्हातारपणी माणूस हट्टी होतो ते हे असे.

मला तो हट्ट वाटत नाही. त्या माणसाच्या हाती उरलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक गोष्ट काढून घेतली गेली, आणि तीही इतक्या मायेने, की तक्रार करायलाही जागा राहिली नाही. क्रूरपणे कुणी हात झटकले असते तर निदान बोलता आले असते.

एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या संशोधिकांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे मुद्दाम सांगावासा वाटतो. एका वृद्धाश्रमातल्या एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले, की आपली खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुमचे तुम्ही ठरवायचे. हवे असल्यास एक रोपटे निवडा आणि त्याची निगाही तुम्हीच राखा. दाखवला जाणारा चित्रपट दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी पाहायचा, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच आस्थेने सांगितले गेले, की तुमच्या सुखसोयीची जबाबदारी आमची आहे. रोपटे त्यांनाही मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. चित्रपटही होता, पण दिवस ठरवून दिलेला होता. काही आठवड्यांनी पाहिले तेव्हा स्वतःचे स्वतः ठरवणाऱ्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक सावध आणि इतरांत अधिक मिसळणारी आढळली. दोन्ही मजल्यांवर माया होती, सोयी सारख्याच होत्या. फरक एवढाच होता, की एका मजल्यावर त्या माणसांवर काहीतरी अवलंबून होते.

मुलांच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात घडते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल. मुलांनी चित्रे काढली, बक्षीसही मिळाले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले रंगांकडे इतरांपेक्षा कमी वळू लागली. ज्यांना बक्षिसाची आधी कल्पना नव्हती आणि ते अचानक मिळाले, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. आईवडिलांनी यावर खरोखर थांबून विचार करावा असे मला वाटते. मूल आपणहून जे करत असते, त्यालाही आपण इतक्या अटी आणि आमिषे चिकटवतो, की ते काम त्याचे राहतच नाही.

पतिपत्नींमध्ये तर हे फार सूक्ष्मपणे चालते. एकाला व्यवहार चांगले जमतात म्हणून सगळे व्यवहार त्याच्याकडे जातात. दुसरीला माणसे चांगली सांभाळता येतात म्हणून सगळी नाती तिच्या गळ्यात पडतात. सुरुवातीला ही सोय असते. काही वर्षांनी ती साधा फॉर्म भरायलाही बिचकते आणि तो आपल्याच बहिणीला फोन करायचा तर काय बोलावे या विचारात पडतो. मग ‘तू राहू दे, तुला जमणार नाही’ हे वाक्य येते, आणि ते बहुतेक वेळा प्रेमळ सुरातच येते. ज्याला ते ऐकावे लागते तो एक तर गप्प होत जातो किंवा नको तिथे अडून बसतो. हे अडून बसणे का येते, याचे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच दिले होते: आपले स्वातंत्र्य धोक्यात आहे असे वाटले की माणूस ते परत मिळवण्यासाठी उलट वागू लागतो, प्रसंगी स्वतःचे नुकसान करूनही. भांडण पडद्याच्या रंगावरून होते, पण रंगाशी त्याचा फारसा संबंध नसतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, की मग ज्याला त्याला त्याच्या मर्जीवर सोडून द्यायचे का? नाही. स्वायत्तता म्हणजे एकटे सोडणे नव्हे, आणि डेसी-रायन यांनी हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. स्वखुशीने दुसऱ्यावर विसंबणारा माणूस स्वायत्तच असतो. वडिलांनी ‘जरा हे बटण लाव’ असे म्हटले आणि मुलाने लावले, तर काहीच हिरावले जात नाही. मागितलेली मदत आणि लादलेली मदत यांत हातांची हालचाल तीच असते, तरी घेणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम अगदी उलट असतो. जिथे खरोखर जिवाला धोका आहे तिथे हस्तक्षेप करावाच लागतो, पण तिथेही कारण सांगता येते, दोन पर्याय पुढे ठेवता येतात आणि ‘हे तुम्हाला आवडणार नाही, हे मला कळते’ एवढे तरी म्हणता येते.

खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. काळजी घेणाऱ्यालाही याच तीन गरजा असतात. दुसऱ्याचे सगळे करण्यात त्याची सक्षमता पोसली जाते, ‘माझ्यावाचून यांचे अडते’ यातून त्याचे आपलेपण पक्के होते. म्हणून समोरचा माणूस ‘मी करतो’ म्हणाला की त्याला हायसे वाटण्याऐवजी दुखावल्यासारखे होते. आयुष्यभर इतरांसाठी राबलेल्या अनेक आयांना मुले स्वावलंबी झाल्यावर जी पोकळी जाणवते, ती यातलीच आहे. त्यांना ‘आता आराम कर’ असे सांगणे म्हणजे पुन्हा तेच करणे होय. त्यांना आपले स्वतःचे असे काम हवे असते, आणि ते कोणते असावे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच असतो.